भयकथांचा शनिवारचा वर्ग, रत्नागिरी

वर्ग घेणारे सर इंग्रजीचे निवृत्त प्राध्यापक. जन्मभर कॉलेजात व्याकरण शिकवलं, संशोधन मात्र भयसाहित्यावर. इंग्रजीतला आद्य भयकादंबरीकार वॉलपोल, त्याच्या १७६४ च्या कादंबरीपासून सुरुवात, ती जरा रटाळच. पण १८९७ च्या ‘ड्रॅक्युला’ला आले आणि वर्ग चिडीचूप! रोजनिश्या, पत्रं, तारा, वर्तमानपत्रांची कात्रणं यांतून कादंबरी उभी राहते. सगळ्यांच्या नोंदी आहेत, खुद्द रक्तपिपासू काउंट ड्रॅक्युलाची रोजनिशी तेवढी नाही. म्हणून तो जास्त भिववतो, हे सरांनी पानं उलटून उलटून दाखवलं. आमच्या कोकणातल्या देवचाराला सरसकट भुतांत ढकलणाऱ्या मुंबईकर पोराला मात्र ‘अरे, तो राखणदार!’ म्हणून झापलं, ते बरंच झालं. झेरॉक्स फिकट, वर्ग कधीच वेळेवर सुरू होत नाही. दहावीच्या मार्कांसाठी पोरांना पाठवणार असाल तर नकोच.