रेकॉर्डर: आधी फान आइक की टेलेमान?

रेकॉर्डर, म्हणजे उभी धरून फुंकायची पाश्चात्त्य बासरी, तिचं जुनं म्युझिक ऐकायचं किंवा वाजवायचं ठरवलं की ही दोन नावं हमखास समोर येतात, आणि माझं मत स्पष्ट आहे, आधी याकोब फान आइक.

हा नेदरलँड्समधल्या उट्रेख्टचा, अंध, चर्चच्या घंटा वाजवणारा. १६४९ मध्ये त्याचा पगार वाढवला तो या अटीवर की संध्याकाळी चर्चच्या आवारात फिरायला येणाऱ्यांना अधूनमधून रेकॉर्डर ऐकवायचा, किती सुंदर अट आहे ही! त्याच्या संग्रहात दीडशेच्या आसपास रचना आहेत, बहुतेक सगळ्या एकट्या रेकॉर्डरसाठी, साथीला कोणी नाही. त्यातली, इंग्रज संगीतकार डाउलंडच्या चालीवरची ‘लॅक्रिमे’ घ्या, आधी चाल साधी, संथ येते, मग पुढच्या फेऱ्यांत लय तीच राहते पण स्वर दाट होत जातात, आपल्या दुगुन-चौगुनसारखे, आणि तिथे जीभ आणि बोटं एकत्र पडली नाहीत की लगेच ऐकू येतं. सोप्रानो, म्हणजे छोट्या, उंच सुराच्या रेकॉर्डरवर आजही हे वाजवता येतं, म्हणजे साधा प्लास्टिकचा असला तरी चालतो.

जर्मन संगीतकार टेलेमान म्हणजे हॅम्बुर्ग, १७२८ ला सुरू केलेलं त्याचं संगीत नियतकालिक, त्यातला एफ मेजर सोनाटा (अनेक भागांची वाद्यरचना). तीन भाग, वेगवान, संथ, परत वेगवान. यात मजा संवादाची, खाली हार्प्सिकॉर्ड (पियानोसारखं जुनं वाद्य) आणि चेलो (मोठ्या व्हायोलिनसारखं) चालतात आणि वर रेकॉर्डर बोलतो. पण त्याला आल्टो, म्हणजे जरा मोठा, खालच्या सुराचा रेकॉर्डर लागतो, बोटं तीच पण स्वर वेगळे, आणि साथीदारही हवा. ऐकायला मात्र आजच लावा, खास करून मधला लार्गो, म्हणजे तो संथ भाग.