लिब्रेएनएमएस: आठ महिन्यांचा अनुभव, पावसाळ्यासकट

आमच्या पतसंस्थेच्या रत्नागिरी जिल्ह्यात ११ शाखा, दापोली-गुहागरपासून खाली राजापूरपर्यंत. नेटवर्क सांभाळायला मी आणि एक मदतनीस. एप्रिलपर्यंत बिघाड कळायचा तो शाखेतून फोन आल्यावरच, "सर, लिंक नाही." तोवर काउंटरपुढे म्हातारी माणसं ताटकळलेली. धावत गुहागर गाठावं, तर नुसती लाईट गेलेली असायची.

म्हणून जुन्या डेस्कटॉपवर उबुंटू (लिनक्स) टाकून लिब्रेएनएमएस हे नेटवर्कवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर बसवलं. मुक्तस्रोत, परवान्याचा खर्च नाही. स्विच, राउटर, यूपीएस यांच्याकडून ते एसएनएमपीने (उपकरणांना त्यांची स्थिती विचारायची ठरलेली पद्धत) दर ५ मिनिटांनी माहिती घेतं. पिंग, म्हणजे उपकरण उत्तर देतंय का एवढीच तपासणी, दर मिनिटाला लावता येतं, तेवढं लावाच.

पहिला महिना वाईट गेला. वळवाच्या पावसात एका रात्रीत टेलिग्रामवर ८०-९० अलर्ट. मदतनिसाने ग्रुप म्यूट केला आणि दुसऱ्या दिवशीचा खरा बिघाड त्यातच बुडाला. कोणतं उपकरण कुणाच्या मागे जोडलंय, हे मी भरलंच नव्हतं. ते भरल्यावर पुढचा राउटर पडला तरी मागच्या उपकरणांचे अलर्ट येत नाहीत. यूपीएसमध्ये एसएनएमपी कार्ड घातलं तेव्हा तर फारच सोपं झालं. आधी 'बॅटरीवर' आणि मग 'डाउन' आलं तर लाईट गेलीय, सरळ 'डाउन' आलं तर फायबर किंवा उपकरण. गाडी काढायची की थांबायचं, हे आता घरूनच ठरतं.

पण माझ्या मते पैसा वसूल झाला तो जुलैत, देवरूखच्या लिंकवर. एसएफपी मॉड्यूलला (फायबर उपकरणाला जोडणारा छोटा भाग) मिळणाऱ्या प्रकाशाचा आलेख उणे १२ डीबीएमवरून (प्रकाशाची ताकद मोजायचं एकक) दहा-बारा दिवसांत उणे १८वर उतरला. ३ डेसिबल घटले की प्रकाश निम्मा होतो, म्हणजे इथे पावच उरला होता. आमच्या मॉड्यूलची मर्यादा उणे २०च्या आसपास. मी उणे १६ला अलर्ट लावून ठेवला होता. शाखेत तोवर कुणालाच काही जाणवलं नव्हतं. लाईनवाल्यांना आलेख पाठवला, त्यांनी जॉइंट बॉक्स उघडला तर आत पाणी. रविवारी जोड नवा केला, सोमवारी शाखा वेळेवर उघडली. किनाऱ्यालगतच्या एका शाखेत खाऱ्या हवेने स्विचचा पंखा गंजून थांबला, तोही असाच तापमानाच्या अलर्टवरून सापडला.

ऑगस्टमध्ये मात्र मुख्य कार्यालयाचीच फायबर जेसीबीने तोडली. लिब्रेएनएमएसचा सर्व्हर तिथलाच; त्याला बिघाड दिसत होता, पण अलर्ट बाहेर पाठवायला वाटच नव्हती, आणि टेलिग्रामवर शांतता. आता सर्व्हरला सिमवाला दुसरा राउटर जोडलाय. शिवाय माझ्या घरचा छोटा संगणक दर ५ मिनिटांनी हा सर्व्हर जागा आहे का ते बघतो, आणि उत्तर आलं नाही तर आम्हा दोघांच्या मोबाईलवर कळवतो.