साडेचारशेची काठी, दोनशेचं टोक: आठ महिने वापरून झाल्यावर

आधीच सांगून टाकतो, हा रिव्ह्यू मोबाईलचा नाही, मिक्सरचा नाही, पांढऱ्या काठीचा आहे. घडीची, चार तुकड्यांची, ॲल्युमिनियमची, सगळ्यात खालचा तुकडा लाल. काठी साडेचारशेला पडली आणि तिच्या खाली जे टोक लावलंय ते वेगळे दोनशे देऊन घेतलं. ऑगस्टमध्ये घेतली, आता एप्रिल चालू आहे, म्हणजे इंदूरचा अर्धा पावसाळा, एक गणपती, एक दिवाळी आणि एक रंगपंचमी तिने बघितली. मी नाही, तिनेच.

माझं थोडक्यात. वय 46, डोळ्यांना आरपी, म्हणजे रेटिनायटिस पिगमेंटोसा. यात आधी रात्रीचं दिसेनासं होतं, मग बाजूचं जातं, मग समोर एक नळी उरते आणि ती बारीक बारीक होत जाते. माझी आता पेन्सिलीएवढी असेल, कडक उन्हात तेवढीही नाही. एमटी क्लॉथ मार्केटमध्ये एका पेढीवर हिशोबाचं काम बघतो, कॉम्प्युटरवर एनव्हीडीए टाकलंय, ते स्क्रीन वाचून दाखवतं आणि फुकट आहे, त्यामुळे काम अडत नाही. अडायचं ते घरून पेढीवर पोचणं. आणि तरी काठी घ्यायला मी नऊ वर्षं लावली. कारण विचाराल तर लाज, दुसरं काही नाही. भिंतीला हात लावत, बायकोचा खांदा धरत, "चष्म्याचा नंबर वाढलाय हो" असं लोकांना सांगत काढली नऊ वर्षं, दोनदा नालीत पडलो, एकदा लग्नात पंगतीतल्या एका आजोबांच्या ताटात पाय दिला, तरी काठी नको.

खरं म्हणजे एक काठी घरात होतीच. तीन-चार वर्षांपूर्वी एका शिबिरात फुकट मिळालेली, कपाटाच्या मागे पडून होती. ती घेऊन दोन दिवस चाललो आणि वाटलं की या काठीत काही दम नाही. नंतर कळलं की काठीत नाही, मापात घोळ होता. सरळ उभं राहिल्यावर काठी छातीच्या मधल्या हाडापर्यंत यायला पाहिजे, भराभर चालणारे तर हनुवटीपर्यंतची पण घेतात. मी पाच फूट आठ इंच आणि ती काठी माझ्या पोटापर्यंत. शिबिरात ओळीने सगळ्यांना एकच माप वाटलं होतं, आठवीतल्या पोराला पण तेच आणि मला पण तेच. आता हिशोब करा, माणूस साध्या चालीने सेकंदाला एक मीटरच्या वर जातो, काठी वीतभर आखूड असली की खड्डा कळेपर्यंत पाय त्यात गेलेला असतो. लांब काठी म्हणजे थांबायला एक पाऊल जास्तीचं, बस एवढंच गणित आहे, पण या एका पावलासाठीच तर काठी घ्यायची.

आता मुद्द्यावर येतो. काठी कुठली पण घ्या, सगळा खेळ खालच्या टोकाचा आहे. नवीन काठीला कंपनीचं जे टोक येतं ते बारीक, पेन्सिलीसारखं, कडक प्लास्टिकचं. आवाज छान देतं, फरशी आहे का डांबर आहे का माती आहे हे टकटक ऐकून लगेच कळतं. पण आमच्याकडे पटरीवर, म्हणजे फुटपाथवर, जे पेव्हर ब्लॉक बसवलेत ना, त्यांच्या सांध्यात ते टोक रुततं. टोक रुतलं, तुम्ही चालताय, की काठीची मूठ सरळ पोटात. पहिल्या आठवड्यात माझ्या पोटावर असा निळा डाग पडला होता की बायको म्हणाली, "अहो, काठी घेतलीय का मार खायला जाताय रोज?" नालीच्या जाळीत तर ते टोक इतकं पक्कं अडकलं की काठी वाकली, एका पोहेवाल्याने ठेला सोडून येऊन ओढून काढली, वर "भिया, पोहा खाके जाओ" म्हणून बसवून पण घेतलं. जिरावण, म्हणजे पोह्यावर भुरभुरायचा मसाला, जरा जास्तच टाकलं होतं, असो.

मग मोबिलिटी, म्हणजे काठी घेऊन चालणं, शिकवणाऱ्या सरांनी सांगितलं की गोल फिरणारं टोक घे. हे लिंबापेक्षा थोडं लहान असतं, काठीच्या दांड्याभोवती आपलं आपण फिरतं, त्यामुळे काठी उचलायची गरज नाही, जमिनीवरच डावी-उजवी सरकवत न्यायची. सांध्यावरून ते घरंगळत जातं. दोनशे रुपये, साडेचारशेच्या काठीला दोनशेचं टोक म्हणजे मला आधी लूटच वाटली, आता उलट वाटतं. पण फुकटात काही मिळत नाही, हे टोक जड आहे, पहिले पंधरा दिवस मनगट इतकं दुखायचं की पेढीवर माऊस धरवत नव्हता. आवाज पण दबका येतो, पेन्सिल टोकाइतकं स्वच्छ कळत नाही. आणि पावसाळ्यात बेअरिंगमध्ये चिखल बसला की फिरणं बंद, मग ते एकाच बाजूने घासतं आणि त्या बाजूने चपटं होतं. माझं पहिलं पाच महिन्यांत चपटं झालं. आता रोज संध्याकाळी नळाखाली धरतो, बोटाने फिरवून बघतो, आठवड्याला खोबरेल तेलाचा एक थेंब. टूथब्रशने पण साफ होतं, जुना घ्या, मी चुकून मुलाचा घेतला होता.

शिकल्याशिवाय काठी घेऊ नका, हे मात्र कळकळीने सांगतो. मला वाटायचं काठीत शिकायचं काय, पुढे धरायची आणि चालायचं. सरांनी पहिल्याच दिवशी घराच्या गच्चीवर चालायला लावलं आणि हसले. हात बेंबीच्या समोर, मनगटातून हलवायची, दंडातून नाही, आणि डावा पाय पुढे पडतो तेव्हा काठी उजवीकडे, उजवा पाय तेव्हा डावीकडे, म्हणजे पुढचं पाऊल जिथे पडणार ती जागा आधीच तपासून झालेली असते. खांद्यापेक्षा थोडंसंच रुंद, जास्त नाही, नाहीतर शेजारून जाणाऱ्याच्या पायात. ही पद्धत दुसऱ्या महायुद्धात डोळे गेलेल्या अमेरिकन सैनिकांसाठी रिचर्ड हूवर नावाच्या माणसाने 1944 च्या सुमाराला बसवली, सर हे इतक्या अभिमानाने सांगतात जसा तो त्यांच्या मामाचा मुलगा आहे. काठी पांढरी असण्याची गोष्ट त्याच्याही आधीची, ब्रिस्टलचा जेम्स बिग्ज म्हणून एक फोटोग्राफर होता, अपघातात त्याची नजर गेली आणि रस्त्यावरच्या गाड्यांना आपण दिसावं म्हणून त्याने 1921 मध्ये आपली काठी पांढऱ्या रंगाने रंगवली. फोटोग्राफरलाच सुचणार ते. आमच्या चौराह्यावर किती गाडीवाल्यांना हा रंग कळतो ते विचारू नका, पण संध्याकाळी हेडलाईट पडला की स्पीड कमी झाल्याचं कानाला कळतं, दहातले चार तरी कमी करतात.

पायऱ्या उतरताना काठी पेनासारखी धरून पुढच्या पायरीच्या काठाला टेकवायची, गर्दीत उभी करून अंगाजवळ घ्यायची. राजवाड्यापासून सराफ्यापर्यंत, म्हणजे आमच्या रात्रीच्या खाऊगल्लीपर्यंत, मी रात्रीचा जाऊन आलो, भाऊ सोबत होता तरी त्याला मागे ठेवून. गराडूचे, म्हणजे तळलेल्या कंदाचे दिवस होते, तेलाच्या वासावर दुकानं ओळखत गेलो. तिथे काठीपेक्षा नाकच जास्त कामाला आलं.

वासावरून आठवलं. इंदूर 2017 पासून स्वच्छतेत पहिलं, हे सगळे सांगतात, काठीवाल्याला त्याचा फायदा किती ते कोणी सांगत नाही. कचऱ्याचे ढीग नाहीत, रस्त्यात बसलेल्या गाई नाहीत, टोकाला काही घाण लागत नाही. पण माझा एक मित्र जन्मापासून दृष्टिहीन आहे, तो म्हणतो, "यार, आमच्या गल्लीचं वळण कचरापेटीच्या वासावरून कळायचं, पेटी उचलली आणि मी आठवडाभर शेजारच्या गल्लीत शिरत होतो." आता तो चक्कीच्या आवाजावर वळतो आणि चक्की रविवारी बंद असते.

फुटपाथवर दृष्टिहीनांना वाट कळावी म्हणून बसवतात त्या उंचवट्यांच्या पिवळ्या टाइल्सबद्दल लिहायचं का नाही विचार करत होतो, पण लिहितोच. ही कल्पना जपानच्या सेइइची मियाके यांची, 1965 ची, दोन वर्षांनी ओकायामा शहरात पहिल्यांदा बसल्या. उभ्या पट्ट्या म्हणजे चालत राहा, ठिपके म्हणजे थांब, पुढे काहीतरी आहे. आमच्या वाटेवर एका ठिकाणी पन्नास पावलं नुसते ठिपकेच आहेत. म्हणजे टाइल मला सांगतेय थांब थांब थांब थांब, आणि जिथे खरंच थांबायला पाहिजे, तिथे विजेचा खांब आहे आणि ठिपका एकही नाही. कोणी बसवल्या ते जाऊ द्या.

काठीला जे कळत नाही ते पण सांगायला पाहिजे. कमरेच्या वरचं काहीच कळत नाही. उभ्या लोडिंग गाडीखालून काठी मजेत निघून जाते आणि कपाळ गाडीच्या फाळक्यावर. गणपतीत आमच्या गल्लीत मांडव होता, तिरप्या बांधलेल्या दोऱ्या, काठी खालून पास, गळा दोरीत. तेव्हापासून पुढे टोक असलेली टोपी घालतो, टोपीचं टोक कपाळाच्या आधी आपटतं, अर्धा सेकंद मिळतो. मित्राची थरथरणारी काठी पण दोन महिने वापरून बघितली, मुठीतून अल्ट्रासोनिक लहरी सोडते, समोर काही असलं की मूठ थरथरते. ट्रकच्या बाबतीत मानलं तिला. पण क्लॉथ मार्केटमध्ये माणूस, हातगाडी, गठ्ठा, परत माणूस, ती थरथरायची थांबेचना, संध्याकाळपर्यंत हात झोपायचा. मोकळ्या कॉलनीत राहणाऱ्याने जरूर घ्यावी. मी परत केली.

आणि ई-रिक्षा. त्यांना आवाजच नाही! काठीच्या टोकावरून चाक गेलं तेव्हा कळलं की रिक्षा आली.

लोकांचं सांगतो. शेजारच्या काकूंनी मला काठीसोबत पहिल्यांदा बघितलं आणि गेटवरच रडायला लागल्या, "काय रे हे, इतका चांगला मुलगा!" मी 46 चा. मग ओटल्यावर बसवून चहा दिला, आणि आता त्याच काकू संध्याकाळी ओटल्यासमोर लावलेल्या स्कूटी हटवायला लावतात पोरांना, "भैया की काठी आएगी" म्हणून. मी नाही, काठी येणार. रस्त्यात मात्र मदत करणारे काठीच धरतात, पुढचं टोक पकडून ओढत नेतात, बैलाला नेतात तसं. वाईट हेतू नसतो पण तेव्हा मी पूर्ण आंधळा होतो हो, काठी माझी नजर आहे, ती तुमच्या मुठीत गेली. मी आता हसून म्हणतो, "भिया, लकडी छोडो, अपनी कोहनी दो," आणि कोपर धरून अर्धं पाऊल मागे चालतो. पेढीवरच्या पोरांना हे शिकवलं, त्यांनी शेठजींना शिकवलं, शेठजी आता नको तिथे पण कोपर पुढे करतात, आपल्याच दुकानात.

येण्याजाण्याचं म्हणाल तर आयबस, म्हणजे वेगळ्या राखलेल्या लेनमधून, कॉरिडॉरमधून धावणारी इंदूरची बस, मला आवडायची, 2013 मध्ये सुरू झाली तेव्हा मला बऱ्यापैकी दिसत होतं, तेव्हा किंमत कळली नाही. स्टेशनचा ओटा आणि बसची जमीन एका लेव्हलला, काठी सरळ आत. व्हीलचेअरवाला एक मित्र आहे, तो तर म्हणायचा की शहरात फक्त इथेच मला कोणी उचलत नाही. 2025 मध्ये तो कॉरिडॉर काढायचं ठरलं. रस्त्यावरून बसमध्ये चढायचं म्हणजे दाराची पहिली पायरी कुठे थांबेल ते नशीब, काठीने आधी शोधा, तोवर कंडक्टर ओरडतो.

टिकण्याबद्दल. आठ महिन्यांत पांढरा रिफ्लेक्टर कागद दोन ठिकाणी सुटला, चिकटपट्टीने लावला. मुठीचं रबर घामाने चिकट होतं, त्यावर बॅडमिंटन रॅकेटची ग्रिप गुंडाळली, चाळीस रुपये, फार भारी काम झालं. आतली इलास्टिकची दोरी ढिली पडायला लागलीय, सांधे खटखट वाजतात, म्हणजे काठी जे सांगते त्यात तिचा स्वतःचा आवाज मिसळतो आणि मग गोंधळ. दोरी बदलता येते, तार घालून ओवायची, पण पाहिजे त्या जाडीची इलास्टिक मिळत नाही, शिवणकामाची लावून बघितली, तिसऱ्या दिवशी तुटली आणि भर रस्त्यात काठीचे चार तुकडे. इंदुरात कोणाला माहीत असेल कुठे मिळते तर सांगा, गोल, आठ-नऊ एमएम, ताणायला कडक पाहिजे.

पाचपैकी स्टार द्यायचे तर काठीला साडेतीन, टोकाला पाच, शिबिरातल्या मापाला शून्य. ती आखूड काठी मी फेकली नाही, पलीकडच्या गल्लीतल्या एका नवव्या वर्षात असलेल्या मुलीच्या बरोबर मापाची निघाली. जुनं चपटं टोक घासून तिला लावून दिलंय. नवीन मागवलंय, सोमवारपर्यंत यायला पाहिजे.