जीमेलचं 'शो ओरिजिनल': बनावट प्रेषक पकडायला कितपत कामाचं?

खोटे मेल ओळखायला पैसे मोजून सॉफ्टवेअर घेण्याआधी ही फुकटची सोय वापरून बघाच. कॉम्प्युटरवर मेल उघडा, रिप्लायच्या बाणाशेजारचे तीन टिंब दाबा आणि 'शो ओरिजिनल' निवडा. वरच्या तक्त्यात प्रेषकाच्या तीन तपासण्यांचे निकाल दिसतात, पास किंवा फेल: एसपीएफ (पाठवणाऱ्या सर्व्हरला त्या डोमेनची, म्हणजे पत्त्यातल्या @ नंतरच्या भागाची, परवानगी आहे का), डीकेआयएम (मेलवरची डोमेनची डिजिटल सही) आणि डीमार्क (दिसणाऱ्या पत्त्याचा या दोन्हींशी मेळ).

आधी डीमार्क बघा. एसपीएफ तपासतं ते पाकिटावरचं, म्हणजे रिटर्न-पाथमधलं (न पोचलेला मेल जिथे परत जातो त्या पत्त्याचं) डोमेन. आपल्याला दिसणारं 'फ्रॉम' नव्हे. त्यामुळे ठग स्वतःच्या डोमेनवर एसपीएफ पास करून घेतो आणि फ्रॉममध्ये बँकेचा पत्ता टाकतो. ही लबाडी डीमार्क पकडतं, कारण फ्रॉमचं डोमेन एसपीएफ किंवा डीकेआयएमच्या डोमेनशी जुळावं लागतं. डीमार्कची ओळच नसेल, तर ती खातरजमा झालेली नाही असं समजा. फॉरवर्ड झालेल्या खऱ्या मेलचंही एसपीएफ फेल होऊ शकतं, तेव्हा तेवढ्यावरून घाबरू नका.

तिन्ही पास म्हणजे मेल सुरक्षित, असं मात्र अजिबात नाही! 'एम'च्या (m) जागी तसेच दिसणारे 'आर' आणि 'एन' (rn) चिकटवून घेतलेलं डोमेन रीतसर नोंदवलेलं असतं, म्हणून तेही सहज पास होतं. ते अक्षर न् अक्षर वाचावंच लागतं. खालच्या मजकुरात 'रिप्लाय-टू', म्हणजे आपलं उत्तर जिथे जाईल तो पत्ता, शोधा. तिथे भलताच पत्ता असेल, तर उत्तर पाठवू नका.

मोठी उणीव एकच: जीमेलच्या मोबाइल ॲपमध्ये हा पर्याय नाही, आणि बरेच जण मेल वाचतात ते तिथेच.