ऑइलचा लाल दिवा: स्विच बदलायचा, जाड ऑइल टाकायचं की चेंबर उतरवायचा?

जुन्या सुमोत किंवा बोलेरोत गाडी गरम झाल्यावर स्लोला (उभ्या गाडीत रेस न देता इंजिन चालू असताना) ऑइल प्रेशरचा लाल दिवा लुकलुकू लागला की सल्ले तीन मिळतात: हा दिवा लावणारा प्रेशर स्विच बदला, जाड ऑइल टाका, नाहीतर खालचा ऑइलचा चेंबर उतरवून इंजिन आतून बघा. माझं मत आधीच सांगतो. यातलं काहीही करण्याआधी मेकॅनिकल गेज (काट्याचं प्रेशर मीटर) लावून ऑइलचं प्रेशर मोजून घ्या. आणि चालत्या गाडीत दिवा पेटून राहिला तर गाडी कडेला घेऊन इंजिन लगेच बंद करा. गॅरेज जवळच आहे म्हणून तशीच रेटलीत, तर तेवढ्यात क्रँक (पिस्टनच्या जोरावर फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा) जाऊ शकतो.

गाडी सपाटीवर दहा मिनिटं थांबवून डिपस्टिक पाहा. ऑइल कमी असेल तर भरा आणि गळती शोधा. पातळी उलट वाढली असेल आणि पट्टीला डिझेलचा वास येत असेल, तर फीड पंपाचा डायफ्राम किंवा गळका इंजेक्टर तपासायला हवा. डिझेल मिसळून पातळ झालेलं ऑइल प्रेशर धरत नाही.

स्विचचं काम सगळ्यात स्वस्त. जुन्या गाड्यांत त्याला एकच वायर असते आणि प्रेशर साधारण 0.3 ते 0.5 बारच्या खाली गेलं की तो दिवा लावतो. चावी ऑन करून ती वायर काढा. दिवा तरीही जळत राहिला तर वायर कुठेतरी बॉडीला लागली आहे. स्विचच्या प्लगमधून ऑइल पाझरत असेल तर तो बदलाच. पण नुसत्या अंदाजाने बदलण्यात धोका आहे: नवा स्विच जरा कमी प्रेशरवर चालणारा निघाला, तर दिवा विझतो आणि दुखणं आत तसंच राहतं.

गेज त्याच स्विचच्या भोकात बसतं. योग्य अडॅप्टर असलेल्या गॅरेजला हे काम फार वेळाचं नाही. गाडी वीसेक किलोमीटर पळवून मगच मोजा. थंड इंजिनवरचा आकडा फसवा असतो. गरम असताना स्लोला एक किलोच्या (किलो प्रति चौरस सेंमी, म्हणजे जवळपास एक बार) आसपास आणि 2000 आरपीएमला अडीच-तीन किलो मिळत असेल, तर बहुतेक इंजिनांत काळजी नाही, पण शेवटचा शब्द तुमच्या गाडीच्या मॅन्युअलचा. आकडा चांगला आला तरच स्विच-वायरिंगवर पैसे घाला. रेस दिल्यावर चांगलं आणि फक्त गरम स्लोला कमी असेल तर बेअरिंगची झीज किंवा पातळ ऑइल. दोन्हीकडे कमी असेल तर ऑइल पंप, रिलीफ व्हॉल्व्ह (जादा प्रेशर सोडून देणारा) आणि पंपाकडे जाणारं ऑइल गाळणारी चेंबरमधली जाळी. सुरुवातीला चांगलं, मग जोरात पळवताना घसरतं आणि थोडा वेळ बंद ठेवल्यावर परत येतं, तेव्हा गाळाने तुंबलेल्या जाळीचा संशय घ्या.

15डब्ल्यू-40 च्या जागी त्याहून जाड 20डब्ल्यू-50 ऑइल टाकलं की गरम इंजिनातलं प्रेशर वाढतं, हे खरं. मॅन्युअलमध्ये ते चालतं असं लिहिलं असेल तर हरकत नाही. पण झिजलेलं बेअरिंग त्याने भरून येत नाही, आणि थंडीतल्या सकाळी टर्बोपर्यंत ऑइल उशिरा पोहोचतं. जुनी गाडी विकत घेणार असाल, तर कोणतं ऑइल भरलंय ते विचारा; जाड ऑइलने झीज झाकलेली असू शकते.

चेंबर उतरवणं महाग, पण आकडा कमी आला आणि ऑइल-फिल्टर ठीक असतील तर टाळू नका. पुष्कळ गाड्यांत इंजिन न काढता ते जमतं. फोर बाय फोरला पुढच्या ॲक्सलची अडचण येऊ शकते. जाळी धुवा, पंप मोजून घ्या, कनेक्टिंग रॉडची बेअरिंगं काढून स्वतः बघा. करड्या थराखालून तांब्याचा रंग दिसत असेल तर ती संपली. क्रँकच्या जर्नलवर (बेअरिंग बसतं त्या गुळगुळीत भागावर) नख अडकेल असा ओरखडा नसेल तर खालूनच नवी बेअरिंगं बसवता येतात. नख अडकलं तर मात्र इंजिन बाहेर काढून क्रँक ग्राइंड करायचा आणि त्या बारीक झालेल्या मापाची अंडरसाइझ बेअरिंगं टाकायची. अंडरसाइझची पहिली पायरी सहसा 0.25 मिमीची असते.