फिल्मअ‍ॅरे न्यूमोनिया पॅनल : सव्वा तासाचा अहवाल आणि तो वाचण्याची रीत

बायोफायर कंपनीचे फिल्मअ‍ॅरे न्यूमोनिया पॅनल, म्हणजे फुप्फुसातील स्रावात रोगजंतूंची जनुके शोधणारी यंत्रचाचणी, आमच्या प्रयोगशाळेत आले तेव्हा सर्वांचे लक्ष त्याच्या वेगाकडे होते, आणि ते स्वाभाविकही होते. फुप्फुसाच्या संसर्गात कल्चर लावले, म्हणजे नमुन्यातले जिवाणू पोषक प्लेटवर वाढवायला ठेवले, की त्यांच्या वसाहती दिसायला दुसरा दिवस उजाडतो, त्यांची ओळख पटून कोणते प्रतिजैविक लागू पडेल हे कळायला आणखी एक-दोन दिवस जातात, आणि तोवर अतिदक्षता विभागातील डॉक्टरांना केवळ अंदाजावर दोन-तीन भारी प्रतिजैविके चालू ठेवावी लागतात. या कामाचा बराचसा भाग हे पॅनल सुमारे सव्वा तासात उरकते. तरीही पुरेसा वापर झाल्यावर माझे मत असे बनले आहे की, या चाचणीचे ‘नाही’ हे उत्तर तिच्या ‘आहे’ या उत्तरापेक्षा अधिक भरवशाचे असते, आणि तिचा खरा उपयोगही तेथेच होतो.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये मान्यता दिलेले हे पॅनल एकाच नमुन्यात ३३ लक्ष्ये शोधते : १८ जिवाणू, ८ विषाणू आणि प्रतिजैविकांना दाद न देण्यामागची ७ जनुके. जिवाणूंपैकी लिजिओनेला, मायकोप्लाझ्मा आणि क्लॅमिडिया हे तिघे कल्चरमध्ये सहजासहजी वाढत नाहीत, त्यामुळे त्यांच्याबाबत केवळ ‘आढळला’ किंवा ‘आढळला नाही’ एवढेच सांगितले जाते. उरलेल्या १५ जिवाणूंचे अंदाजी प्रमाणही मिळते, आणि ते मिलिलिटरमागे दहा हजार, लाख, दहा लाख आणि कोटी किंवा त्याहून अधिक जनुकीय प्रती अशा चार पायऱ्यांत येते.

वापरायला ते सोपे आहे, हे निर्विवाद. हवा काढून घेतलेल्या चपट्या पाउचमध्ये सर्व रसायने कोरड्या स्वरूपात आधीच भरलेली असतात; निळ्या झाकणाच्या कुपीतून पाणी आणि लाल झाकणाच्या कुपीतून नमुना जोडला की पाउचमधील निर्वात पोकळीच द्रव आत ओढून घेते. पुढे जिवाणू फोडणे, त्यांतील जनुकीय द्रव्य वेगळे करणे, पीसीआरच्या (जनुकीय द्रव्याच्या असंख्य प्रती काढण्याच्या) दोन फेऱ्या आणि शेवटी वितळण्याच्या तापमानावरून खातरजमा, हे सारे यंत्र स्वतःच करते. पाउचमध्ये एक निरुपद्रवी यीस्टही ठेवलेले असते. ते सापडले नाही तर आतली प्रक्रियाच बिघडली असे समजून यंत्र निकाल रद्द ठरवते. ही योजना मला फार आवडली.

हाताने करण्याचे काम दोन-चार मिनिटांचेच असले, तरी सारी मेख तेथेच आहे. नमुना मोजून घ्यायचा नसतो. त्यात स्वॅब (बोंडाची काडी) सुमारे दहा सेकंद ढवळून तोच लाल कुपीत मोडून टाकायचा असतो. बेडका चिकट असेल तर स्वॅबला त्याची लांबलचक तार लागते आणि ती कुपीच्या काठावर ओघळते. सुरुवातीच्या काळात आमच्याच एका सहकाऱ्याने अशा चिकट नमुन्यात कल्चरच्या सवयीने बेडका पातळ करणारे द्रावण मिसळले. या पॅनलसाठी नमुना जसा आला तसाच घ्यायचा असतो, द्रावणे मिसळायची नसतात आणि सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचाही नसतो. परिणामी ते महागडे पाउच आम्हाला टाकून द्यावे लागले. चूक पूर्णपणे आमची होती, पण ‘सोपी चाचणी’ म्हटले की सूचना वाचायचे राहून जाते, तो हा प्रकार.

आता ‘नाही’विषयी. व्हेंटिलेटरवरील एका रुग्णाला एमआरएसएच्या (नेहमीच्या प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकोकस ऑरियस जिवाणूच्या) भीतीने व्हॅन्कोमायसिन हे प्रतिजैविक सुरू होते आणि मूत्रपिंडांवरचा ताण दाखवणारे त्याचे क्रिएटिनिन चढत चालले होते. श्वासनलिकेतून ओढून काढलेल्या स्रावात स्टॅफिलोकोकस ऑरियस नाही, असे पॅनलने सांगितल्यावर डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी ते औषध थांबवले. दोन दिवसांनी कल्चरनेही तेच सांगितले, पण तोपर्यंत मूत्रपिंडांवरचा दोन दिवसांचा भार वाचलेला होता. नमुना चांगला असेल आणि यादीतला जिवाणू यंत्राला सापडला नसेल, तर तो आजाराचे कारण असण्याची शक्यता फार कमी राहते. औषध कमी करण्याचे धैर्य या उत्तरामुळे येते.

‘आहे’ हे उत्तर मात्र जपून वाचावे लागते. न्यूमोकोकस, हिमोफिलस किंवा स्टॅफिलोकोकस हे अनेक निरोगी माणसांच्या नाका-घशात मुक्कामाला असतात, आणि व्हेंटिलेटरची नळी काढलेल्या रुग्णाने बेडक्याऐवजी लाळच दिली तर पॅनल तिच्यातले जिवाणूही तितक्याच प्रामाणिकपणे मोजून देते. काचपट्टीवर ग्राम स्टेन (जिवाणू रंगवण्याची पद्धत) करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की हा फरक मिनिटात कळतो : तोंडाच्या अस्तरातील पेशींचे चपटे, फरशीसारखे थर जास्त आणि पू-पेशी कमी दिसल्या तर तो नमुना परत पाठवावा. यंत्राला ही नजर नाही. शिवाय जनुकीय प्रती मोजल्या जात असल्याने प्रतिजैविकाने मेलेले जिवाणूही हिशेबात येतात, आणि पॅनलचा आकडा कल्चरच्या आकड्यापेक्षा बहुधा मोठा असतो. लाख प्रती म्हणजे कल्चरमधील लाख वसाहती नव्हेत. हे ठाऊक नसलेल्या एका निवासी डॉक्टरने दहा हजारांच्या, म्हणजे सर्वांत खालच्या, पायरीवरील क्लेबसिएला जिवाणू पाहून ताप नसलेल्या रुग्णाचे प्रतिजैविक बदलल्याचे मी पाहिले आहे.

अर्थात याच गुणाची चांगली बाजूही आहे. औषधाचा एखादा डोस पोटात गेल्यावर हिमोफिलससारखे नाजूक जिवाणू प्लेटवर वाढायचे नाव घेत नाहीत, पण पॅनलला ते सापडतात.

सर्वाधिक गैरसमज जनुकांच्या बाबतीत होतो. सीटीएक्स-एम, एनडीएम, केपीसी, ऑक्सा-४८, व्हीआयएम आणि आयएमपी ही सहा जनुके ग्राम-निगेटिव्ह (क्लेबसिएला, स्यूडोमोनास यांच्या गटातील) जिवाणूंसाठी, तर सातवी खूण एमआरएसएसाठी आहे. यांतले एखादे सापडले तर डॉक्टरांना पुढचे पाऊल ठरवता येते. मात्र काहीच सापडले नाही, याचा अर्थ औषध लागू पडेल असा मुळीच होत नाही. स्यूडोमोनास तर बाह्य आवरणातील छिद्रे बंद करून किंवा औषध बाहेर उपसून टाकूनही मेरोपेनेमसारख्या भारी प्रतिजैविकाला जुमानत नाही, आणि हे मार्ग पॅनलच्या दृष्टीबाहेर आहेत. नमुन्यात दोन ग्राम-निगेटिव्ह जिवाणू असले तर सापडलेले जनुक कोणाचे, हेही सांगता येत नाही. वर ज्या ‘नाही’चे मी कौतुक केले ते जिवाणूंपुरते आहे, जनुकांचे ‘नाही’ तेवढ्या विश्वासाने घेऊ नये.

यादीबाहेर काय आहे तेही लक्षात ठेवावे : क्षयरोगाचा जिवाणू नाही, न्यूमोसिस्टिससह कोणतीही बुरशी नाही, आणि व्हेंटिलेटरवरील रुग्णांत त्रास देणारा स्टेनोट्रोफोमोनास हा जिवाणूही नाही. क्षयाची शंका असेल तर जीनएक्सपर्टसारखी वेगळी चाचणी करावीच लागते. दुसरी अडचण कामाच्या पातळीवरची आहे. एका कप्प्यात एका वेळी एकच नमुना बसत असल्याने, कप्पा एक आणि नमुने तीन असले की तिसऱ्याचा ‘सव्वा तास’ जवळपास चार तासांचा होतो.

ब्रिटनमधील १४ रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागांत झालेल्या ‘इन्हेल’ चाचणीत हेच पॅनल औषधयोजनेच्या मार्गदर्शिकेसह वापरले गेले. २४ तासांच्या टप्प्यावर योग्य आणि बेताचे प्रतिजैविक मिळालेल्या रुग्णांचे प्रमाण ७६.५ टक्के होते, नेहमीच्या पद्धतीत ते ५५.९ टक्के होते. मात्र १४ दिवसांअखेर बरे झालेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ५६.७ आणि ६४.५ टक्के भरले, आणि पॅनल वापरल्याने रुग्णाच्या बरे होण्यात कमतरता येत नाही, हे सिद्ध करता आले नाही. या फरकावरून पॅनलने अपाय केला असे म्हणता येत नाही. पण औषध नेमके झाले म्हणजे रुग्ण लवकर बरा होतो, हे जाहिरातीतले समीकरण मात्र या आकड्यांतून निघत नाही.

आमच्याकडे आता आधी काचपट्टी पाहिली जाते, मग पाउच उघडले जाते. अहवाल संगणकावर टाकून न थांबता आमच्यापैकी एक जण वॉर्डात फोन करतो आणि सापडलेल्या जिवाणूइतक्याच स्पष्टपणे न सापडलेले जिवाणूही वाचून दाखवतो. कल्चर एकाही नमुन्याचे बंद केलेले नाही, कारण कोणते प्रतिजैविक लागू पडेल याचे, म्हणजे संवेदनशीलतेचे, पूर्ण उत्तर आजही त्या प्लेटवरच मिळते.