दक्षिण अमेरिकेची क्रूझ: पेंग्विन नेमके कोणत्या बंदरात पाहायचे?

ब्यूनोस आयर्सहून निघायचं, केप हॉर्नला वळसा घालायचा आणि चिलीतल्या सान अँटोनियोला उतरायचं, किंवा नेमकं याच्या उलट. साधारण दोन आठवड्यांच्या या क्रूझचं बुकिंग झालं की थोड्याच दिवसांत किनाऱ्यावरच्या सहलींची यादी हातात पडते आणि माणूस गोंधळतो. अर्जेंटिनातल्या पुएर्तो माद्रिनला पेंग्विन, फॉकलंडच्या स्टॅन्लीला पेंग्विन, उश्वायाला पेंग्विन, चिलीतल्या पुंता आरेनासलाही पेंग्विन. सगळ्याच सहली महाग, आणि दोघांचे पैसे धरले की आकडा बघवत नाही.

माझं मत आधीच सांगतो. पेंग्विनसाठी एकच मोठी सहल ठरवा आणि दुसरी राखीव ठेवा. राखीव ठेवायची कारण या भागात वारा कधी बेत मोडेल याचा नेम नसतो.

पुएर्तो माद्रिनहून पुंता तोंबो सुमारे 180 किलोमीटर लांब आहे. म्हणजे जाऊन-येऊन पाच तास गाडीत, बाहेर पातागोनियाचं कोरडं, झुडपी माळरान. पण पोचल्यावर मॅगेलनिक पेंग्विनांची प्रचंड वसाहत दिसते. ते बिळं करून राहतात आणि आखलेल्या वाटेवरून चालताना अगदी पायाशी येतात. सगळा प्रवास पक्क्या जमिनीवरून असल्यामुळे गुडघे-कंबर दुखणाऱ्यांना हीच सहल त्यातल्या त्यात सोपी.

स्टॅन्लीहून व्हॉलंटियर पॉइंटला जायचं ते किंग पेंग्विनसाठी. जवळजवळ कमरेएवढे उंच, मानेवर केशरी पट्टा, आणि मध्येच तपकिरी लोकर पांघरल्यासारखी त्यांची पिल्लं. मॅगेलनिक पेंग्विन उन्हाळा संपता संपता, मार्च-एप्रिलमध्ये, समुद्रात निघून जातात. किंगचं एक पिल्लू वाढवायला मात्र वर्षाहून जास्त काळ लागतो, त्यामुळे ते कधीही गेलात तरी भेटतात. राणीच्या बागेत आपण पाहतो ते हम्बोल्ट जातीचे. ते मॅगेलनिकांचे जवळचे नातलग, पण किंग पाहणं हा वेगळाच अनुभव आहे. अडचण वाटेची. जायला सुमारे अडीच तास, यायला तेवढेच, आणि शेवटच्या टप्प्यात रस्ताच नाही. ओल्या, भुसभुशीत जमिनीवरून फोर बाय फोर गाडी हेलकावे खात जाते. मणक्याचा त्रास असेल तर हा हट्ट धरू नका. स्टॅन्लीजवळच ब्लफ कोव्हला जेंटू जातीचे पेंग्विन आणि थोडे किंग दिसतात, आणि तिथे रस्ता नसलेला टप्पा बराच छोटा आहे. जिप्सी कोव्ह तर गावापासून काही किलोमीटरवरच आहे, पण तिथे मॅगेलनिकच, आणि तेही जरा लांबून.

पुंता आरेनासहून बोटीने माग्दालेना बेटावर जाता येतं. मॅगेलनची सामुद्रधुनी, बेटावर दीपगृह, दोरी लावलेली पायवाट आणि दोन्ही बाजूंना पेंग्विन. अर्ध्या दिवसात सहल आटोपते, पण बेटावर तासभरच मिळतो. वारा वाढला की बोटी निघतच नाहीत. उश्वायाजवळच्या मार्तिल्यो बेटावर बहुतेक बोटी उतरवत नाहीत, डेकवरूनच पेंग्विन बघायचे. तिथे बीगल चॅनल आणि आजूबाजूचे डोंगर पाहायला जा, पेंग्विन दिसले तर आनंदच.

आता सहल जहाजाकडून घ्यायची की स्थानिक गाडीवाल्याकडून? जहाजाची सहल घेतली आणि परतायला उशीर झाला, तर जहाज थांबतं. आपण स्वतः ठरवली असेल तर थांबत नाही. बंदर रद्द झालं तर जहाजाच्या सहलीचे पैसे परत मिळतात. स्थानिकांकडे हे आधी विचारून, ईमेलवर लिहून घ्यावं. तिसरी गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. स्टॅन्लीला मोठं जहाज धक्क्याला लागत नाही. ते बाहेर नांगर टाकतं आणि माणसांना छोट्या बोटींनी किनाऱ्यावर नेतात, गेटवेहून घारापुरीला लाँचने जातो तसं, फक्त समुद्र जास्त खवळलेला. या बोटींमध्ये जहाजाच्या सहलीवाल्यांना आधी सोडतात. व्हॉलंटियर पॉइंटसारखी दिवसभराची सहल स्वतः ठरवली असेल तर हा तासाभराचा फरक महागात पडतो. गाडीवाल्याला तुमच्या जहाजाचं नाव सांगा, धक्क्यावर उशिरा पोचलो तर काय, हेही विचारा.

स्थानिकांकडे भाडं बहुतेक वेळा कमी असतं, एका गाडीत चारच माणसं असतात आणि थांबायचं कुठे हे आपल्या हातात राहतं. शाकाहारी मंडळींना याचा मोठा फायदा. अर्जेंटिनात जहाजाच्या सहलीत जेवण म्हणजे बऱ्याचदा निखाऱ्यावर भाजलेलं मांस. स्वतःची गाडी असली की डबा कुठेही उघडता येतो.

म्हणून माझी विभागणी अशी. पुंता तोंबो जहाजाकडूनच घ्या, कारण 180 किलोमीटरवर टायर पंक्चर झाला तर जहाज गाठायला दुसरा मार्ग नाही. व्हॉलंटियर पॉइंट दोन्ही प्रकारे चालेल, पण जागा थोड्या असतात आणि लवकर भरतात, तेव्हा बुकिंग महिनोन्‌महिने आधी. माग्दालेना स्थानिकांकडे पाहा. वाटेत उरुग्वेची राजधानी मोंतेविदेओ लागते, तिथे तर कुठलीच सहल विकत घेऊ नका. धक्क्यावरून उतरलं की जुनं शहर समोरच, 1868 मध्ये उघडलेला मेर्कादो देल पुएर्तो हा बाजार हाकेच्या अंतरावर, आणि चालत प्लाझा इंडिपेंडेन्सिया या चौकापर्यंत जाता येतं. उश्वायाचा धक्काही गावाला लागूनच आहे. राष्ट्रीय उद्यान 12 किलोमीटरवर, टॅक्सीने जा.

राखीव सहल कोणती, हे जहाजाच्या दिशेवर ठरतं. ब्यूनोस आयर्सहून दक्षिणेला निघालात तर माद्रिन आधी येतं. तिथे पुंता तोंबो सोडून द्या. गायमानला वेल्श चहा घ्या, 1865 मध्ये वेल्सहून जहाजाने आलेल्या लोकांची ती वस्ती आहे. मुख्य बेत स्टॅन्लीचा ठेवा. या मार्गावर वाऱ्यामुळे रद्द होण्याचा सर्वाधिक धोका त्याच बंदराला असतो. ते हुकलं तर पुढे पुंता आरेनासला माग्दालेना आहेच. सान अँटोनियोहून निघालात तर क्रम उलटतो. आधी पुंता आरेनास, मग स्टॅन्ली, आणि शेवटी पुंता तोंबो राखीव. यात घाई नको. स्टॅन्लीला उतरता आलं नाही हे कळेपर्यंत पुंता तोंबोच्या जागा संपलेल्या असू शकतात. म्हणून ही दिशा असेल तर ती सहल आधीच घेऊन ठेवा आणि कोणत्या तारखेपर्यंत रद्द करता येते ते पाहून ठेवा.

दोन गोष्टी मुंबई-पुण्याहून निघणाऱ्यांसाठी. चिलीत शेतमालाची तपासणी कडक आहे. फळं, बिया, मध किनाऱ्यावर नेले आणि फॉर्मवर लिहिले नाहीत तर दंड होतो. जानेवारीत जाणार असाल तर संक्रांतीचा तीळगूळ केबिनमध्येच राहू द्या. दुसरी यलो फीव्हरच्या लशीची. अर्जेंटिना आणि ब्राझीलहून परतणाऱ्यांकडे भारतात तिचं प्रमाणपत्र मागतात, आणि ते लस घेतल्यापासून 10 दिवसांनी लागू होतं. प्रमाणपत्र नसेल तर विमानतळावरूनच विलगीकरणात जावं लागू शकतं, तेव्हा सहलींची यादी उघडण्याआधी लशीची तारीख ठरवून टाका.